औषधांतील भेसळ आणि दंडाचा इतिहास
(नभोवाणीवरील भाषण)



मराठींत 'शिक्षा' म्हणजे दंड हाच अर्थ आतां रूढ झाला आहे. संस्कृतांत मात्र त्या शब्दाचा मूळ अर्थ शिकणें व शिकविणें असा आहे. उभा जन्म मास्तरकींत गेल्यामुळें या दोन अर्थांमधील अंतर मी रोज मोजीत आलों आहें. आजचा विषय खरें पाहतां वकिलाचा किंवा वैद्याचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या पंतोजीनें त्यांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें कारण आधीं सांगून टाकतों.

सन १९८६ च्या जानेवारींत माझे थोरले बंधु मुंबईच्या एका रुग्णालयांत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठीं दाखल झाले होते. मी तेव्हां नुकताच नोकरीस लागलों होतों. शनिवारीं शाळा सुटली कीं एस्. टी. नें मुंबई गांठावी, रात्र त्यांच्या उशाशीं काढावी आणि सोमवारीं प्रार्थनेच्या घंटेला परत हजर व्हावें, असा क्रम चालला होता. अशांत वर्तमानपत्रांत बातमी आली कीं, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन दिलेले रोगी मूत्रपिंडें निकामी होऊन एकामागून एक दगावत आहेत. आमचें रुग्णालय निराळें होतें, औषधेंहि निराळीं होतीं. परंतु त्या दिवसापासून आमच्या मातोश्री परिचारिकेच्या हातांतील प्रत्येक बाटली मागून घेऊं लागल्या आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहूं लागल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. "आई, असें पाहून काय कळणार?" असें मीं एकदां जरा वैतागून म्हटलें. त्या म्हणाल्या, "तुम्हां शिकलेल्यांना तरी काय कळलें?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें बंधु बरे होऊन घरीं आले. परंतु तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. औषधांत विष मिसळणाऱ्याला समाजानें आजवर काय दंड केला, हें मी मिळेल तेथून वाचूं लागलों. त्या वाचनाचा हा गोषवारा आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'कंटकशोधन' नांवाचें एक अधिकरण आहे. समाजाच्या पायांत रुतणारे कांटे शोधून काढणें, असा त्याचा अर्थ. या कांट्यांत दरोडेखोर आहेतच; परंतु कौटिल्य आरंभ करतो तो कारागीर, व्यापारी आणि वैद्य यांच्यापासून. व्यापारी व कारागीर यांना तो सरळ चोरांच्या पंगतीस बसवितो. फरक इतकाच कीं, लोक त्यांना चोर म्हणत नाहींत. धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें आणि औषधें यांत सारख्या रंगाचा हलका पदार्थ मिसळणाऱ्यास त्यानें बारा पण दंड सांगितला आहे. हा 'सारख्या रंगाचा' शब्द श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडेल. बारा पण म्हणजे किती? त्याच ग्रंथांत सामान्य सेवकाचें वार्षिक वेतन साठ पण दिलें आहे. म्हणजे वर्षाच्या मिळकतीचा पांचवा भाग. जिवास धोका असलेल्या रोग्यावर अधिकाऱ्यांस न कळवितां उपचार केले आणि रोगी दगावला, तर वैद्यासहि दंड होता, आणि उपचारांतील चुकीनें मृत्यु आला तर त्याहून मोठा.

त्यानंतर एकदम इंग्रजी अमदानींत येऊं. सन १८६० चा दंडसंहितेचा कायदा १८६२ च्या आरंभीं अमलांत आला. त्याच्या २७४ व्या कलमांत औषधांत भेसळ करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद होती. त्या काळीं हजार रुपये म्हणजे साध्या कारकुनाचा कित्येक वर्षांचा पगार. परंतु रुपया झिजत गेला, कलम मात्र तसेंच राहिलें. कांहीं राज्यांनीं आपापल्यापुरती शिक्षा वाढविली हें खरें. पण मूळ आंकडा २०२४ च्या जूनअखेरपर्यंत, म्हणजे एकशें बासष्ट वर्षें, हजाराचा हजारच होता. त्या वर्षीं १ जुलैपासून आलेल्या भारतीय न्याय संहितेनें ती शिक्षा एक वर्ष कैद किंवा पांच हजार रुपये दंड येथवर नेली आहे. पांच हजारांत आज काय येतें तें गृहिणींनीं सांगावें.

आतां जरा दूर जाऊं, कारण या विषयांतील सर्वांत बोलकी कथा अमेरिकेंतील आहे. सन १९३७ मध्यें सल्फानिलामाइड हें नवें औषध घशाच्या व इतर जंतुरोगांवर रामबाण ठरलें होतें. तें गोळी व भुकटी या रूपांत मिळे. मुलांना पातळ औषध हवें, अशी मागणी आली. टेनेसी संस्थानांतील ब्रिस्टल गांवच्या मॅसेंगिल कंपनीच्या रसायनज्ञास असें आढळलें कीं, ही भुकटी डायएथिलीन ग्लायकॉल नांवाच्या द्रवांत उत्तम विरघळते. तो द्रव गोडसर, बिनरंगी व दाट असतो; चवीला रासबेरीचा अर्क घातला कीं मुलेंहि आनंदानें घोट घेणार. चव, रंग व वास तपासून माल बाहेर पडला. तो विषारी आहे कीं काय, एवढेंच तपासलें नाहीं. कारण तसें तपासण्याचें बंधन कायद्यानें घातलेंच नव्हतें. शंभराहून अधिक माणसें मेलीं, त्यांत चौतीस मुलें होतीं. सरकारचे दोनशेंवर निरीक्षक गांवोगांव फिरून बाटल्या गोळा करीत होते.

यापुढचा भाग ऐकून माझा तर प्रथम विश्वास बसला नाहीं. सन १९०६ च्या तेथील कायद्यांत विषारी औषध विकणें हा गुन्हाच नव्हता! सरकारला जप्ती करतां आली ती निराळ्याच आधारावर. औषधाचें नांव 'एलिक्झिर' होतें, आणि एलिक्झिर म्हणजे मद्यार्क असलेलें औषध. या बाटल्यांत मद्यार्क मुळींच नव्हता. म्हणून नांव खोटें ठरलें. कंपनीनें नांव 'सोल्यूशन' असें ठेवलें असतें, तर एकहि बाटली जप्त करतां आली नसती. रसायनज्ञानें पुढें आत्महत्या केली. मालकानें आपल्याकडे दोष नाहीं असाच पवित्रा घेतला. अखेर खोट्या नांवाबद्दल कंपनीस २६,१०० डॉलर दंड झाला. मी गणिताचा शिक्षक; भागाकार केल्यावांचून राहवलें नाहीं. एकशें पांच बळी धरले, तर एका जिवामागें २४९ डॉलरहि भरत नाहींत. लोकांचा संताप मात्र वायां गेला नाहीं. सन १९३८ मध्यें नवा कायदा झाला आणि औषध बाजारांत आणण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचें दाखविण्याची जबाबदारी उत्पादकावर आली.

याच सुमारास, १९३९ च्या डिसेंबरांत, एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञानें फिलाडेल्फिया येथील अध्यक्षीय भाषणांत एक नवा शब्दप्रयोग केला. इंग्रजींत तो 'पांढऱ्या कॉलरचा गुन्हा' असा आहे; आपल्याकडे 'पांढरपेशा' हा शब्द आधींपासूनच असल्यानें भाषांतराची अडचण पडत नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, गुन्हेगारी ही दारिद्र्याचीच संतति आहे हा समज चुकीचा आहे. प्रतिष्ठित माणूस आपल्या धंद्याच्या ओघांतच गुन्हा करतो, आणि त्याच्या गुन्ह्यास आपण 'अनियमितता' असें सौम्य नांव देतों. सन १९४९ मध्यें त्याचा ग्रंथ निघाला. सत्तर मोठ्या कंपन्यांविरुद्धचे ९८० निर्णय त्यानें गोळा केले होते. गंमत अशी कीं, अब्रूनुकसानीच्या भीतीनें प्रकाशकांनीं कंपन्यांचीं नांवें गाळावयास लावलीं. तीं छापून यावयास १९८३ साल उजाडलें. खिसेकापूचें नांव वर्तमानपत्रांत छापावयास कोणी चौतीस वर्षें थांबल्याचें ऐकिवांत नाहीं.

आपल्या देशांत बनावट व हिणकस औषधांच्या चौकशीसाठीं १९३० मध्यें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिच्या अहवालानंतर नऊ वर्षांनीं, १९४० मध्यें, औषधांचा कायदा झाला. सन १९६४ मध्यें संथानम् समितीनें पांढरपेशा गुन्ह्यांकडे लक्ष वेधलें. १९७२ मध्यें विधि आयोगानें आपल्या सत्तेचाळिसाव्या अहवालांत अशा गुन्ह्यांस अधिक कडक शिक्षा असाव्यात असें सांगितलें. आणि १९८२ च्या दुरुस्तीनें औषधांच्या कायद्यांत अशी तरतूद आली कीं, ज्या भेसळीच्या वा बनावट औषधानें मृत्यु किंवा जबर इजा संभवते तें करणाऱ्या-विकणाऱ्यास किमान पांच वर्षें, आणि कमाल जन्मठेप. ही तरतूद फेब्रुवारी १९८३ पासून लागू झाली.

आतां तारखांकडे पहा. जन्मठेपेची तरतूद १९८३ ची, जे. जे. रुग्णालयांतील मृत्यु १९८६ चे. कायदा तीन वर्षें जागेवर उभा होता. असें असतां चौदा रोगी कां मेले?

या प्रश्नाचा शोध न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें घेतला. ग्लिसरीन हें मेंदूची सूज किंवा डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठीं देत असत. रुग्णालयास जें ग्लिसरीन मिळालें तें औषधी प्रतीचें नव्हतें, कारखान्यांत वापरावयाचें होतें; आणि त्यांत तेंच डायएथिलीन ग्लायकॉल होतें, ज्यानें पन्नास वर्षांपूर्वीं अमेरिकेंत मुलें मारलीं. दोन्ही द्रव बिनरंगी, गोड व दाट. कौटिल्याचा 'सारखा रंग' तो हाच. आमच्या मातोश्रींनीं बाटली उजेडांत धरली असती तरी कांहीं दिसलें नसतें, आणि डॉक्टरांनाहि दिसलें नाहीं. तें दिसावयाचें ठिकाण प्रयोगशाळा हें होतें. आयोगाचा अहवाल १९८७ च्या अखेरीस पुरा झाला. त्यांत केवळ पुरवठादारावर ठपका नव्हता. परवाने देणारें अन्न व औषध प्रशासन, खरेदी करणारे रुग्णालयाचे अधिकारी आणि थेट मंत्रिपदापर्यंत पोंचलेले हितसंबंध यांवर न्यायमूर्तींनीं नांवें घेऊन कोरडे ओढले. विष मिसळणारा हात एक असेल; त्याला वाट करून देणारे हात सह्या करणारे होते, आणि जन्मठेपेचें कलम त्या सह्यांपर्यंत सहसा पोंचत नाहीं.

यावरून कडक शिक्षेचा उपयोगच नाहीं असें मी म्हणत नाहीं. सन १९८७ च्या एका निकालांत न्यायमूर्ति ठक्कर यांनीं दाखवून दिलें कीं, खून कधीं रागाच्या भरांत होतो, परंतु आर्थिक गुन्हा हा थंड डोक्यानें, हिशेब करून होतो. जो हिशेब करतो त्याच्या हिशेबांत मोठा आंकडा घालणें योग्यच आहे. अल्प दंड तो हमाली आणि जकातीसारखा खर्ची टाकतो. पण तो नुसता दंडाचा आंकडा पाहत नाहीं. पकडलें जाण्याचा संभव किती, याच्याशीं तो त्याचा गुणाकार करतो. आणि शून्यानें गुणिलें असतां जन्मठेपेचेंहि शून्यच होतें. इटलीच्या बेक्कारियानें १७६४ मध्येंच प्रतिपादिलें होतें कीं, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षां तिची निश्चिति अधिक जरब बसविते. माझ्या वर्गांतील छडी फळ्यामागें अडकविलेली असे. पहिल्या वर्षीं मुलें तिला भ्याली. दुसऱ्या वर्षीं तिच्यावर कोळ्यानें जाळें विणलें आणि तें मुलांनींच मला दाखविलें.

पुढें शिक्षा आणखी वाढली. सन २००३ मध्यें डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनें जीवघेण्या बनावट औषधांस देहांतशासन असावें अशी शिफारस केली. तेवढें झालें नाहीं. परंतु २००८ च्या दुरुस्तीनें किमान शिक्षा दहा वर्षें झाली, दंड किमान दहा लाख रुपये अथवा जप्त मालाच्या तिप्पट किमतीचा, यांपैकीं जो अधिक तो, आणि तो बळी पडलेल्याच्या वारसांस द्यावा असें ठरलें. खास न्यायालयांचीहि योजना आली. दंडाची रक्कम मृताच्या घरीं जावी, ही कल्पना मला यांत सर्वांत न्याय्य वाटते. उलट, २०२३ च्या जनविश्वास कायद्यानें, प्रमाणित दर्जाच्या खालच्या औषधांबद्दलचे सौम्य वर्गांतील गुन्हे तडजोडीनें मिटविण्याची मुभा दिली. किरकोळ चुकांसाठीं उत्पादकास तुरुंग नको, हें समजूं शकतें. पण किरकोळ कोणती आणि घातक कोणती, हें ठरविणार पुन्हां तीच तपासणी.

तपासणीचीच एक गोष्ट सांगतों. सन २०२२ मध्यें आफ्रिकेंतील गांबिया देशांत सुमारें सत्तर मुलें मूत्रपिंडें निकामी होऊन वारलीं, आणि भारतांत बनलेल्या सरबतांविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें इशारा दिला. त्यावर आपल्या सरकारनें असा नियम केला कीं, १ जून २०२३ पासून खोकल्याचें औषध परदेशीं धाडण्यापूर्वीं तें नेमलेल्या प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. परदेशीं धाडण्यापूर्वीं! देशांतल्या मुलांच्या बाटलीला तो नियम नव्हता. सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याचें औषध घेतलेलीं वीसाहून अधिक लहान मुलें दगावलीं. त्यांपैकीं कित्येकांना उपचारासाठीं आपल्या नागपुरास आणलें होतें, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. तें औषध तामिळनाडूंत बनलें होतें. तेथील सरकारी प्रयोगशाळेनें तपासलें, तेव्हां त्यांत शेंकडा ४८.६ डायएथिलीन ग्लायकॉल निघालें, म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली. उत्पादकास अटक झाली, परवाना रद्द झाला. मुलें मरूं लागल्यावर मागविलेली ती तपासणी थोड्याच दिवसांत पुरी झाली होती.