प्रवाळ मत्स्यालयातील लवचीक नळ्या

घरगुती प्रवाळ मत्स्यालयातील मुख्य टाकी, तिच्या खालच्या कपाटातली संप टाकी, पंप, प्रोटीन स्किमर आणि डोसिंग पंप यांना जोडणाऱ्या, वाकवता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या. त्या बहुधा मऊ पीव्हीसी, सिलिकोन किंवा पॉलिथिलीन यांच्या असतात. घराच्या नळातले पाणी एकदा वाहून जाते. इथे तेच खारे पाणी दिवसरात्र त्याच नळ्यांतून फिरत राहते, त्यामुळे सूक्ष्म प्रमाणात सुटणारा पदार्थही साचू शकतो. नळीतून पाण्यात काय उतरते आणि नळीतले पाणी बाहेर कसे येते, असे सुरक्षिततेचे दोन प्रश्न आहेत. चर्चा पहिल्याचीच अधिक होते, दिवाणखाना मात्र दुसऱ्यामुळे भिजतो.

पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात प्लॅस्टिसायझर, विशेषतः थॅलेट वर्गातली तेलकट द्रव्ये, मिसळून ते मऊ केले जाते. ही द्रव्ये पीव्हीसीच्या रेणुसाखळीला रासायनिकरीत्या बांधलेली नसल्यामुळे हळूहळू बाहेर पडतात; जुनी नळी ताठ आणि ठिसूळ होते ती बव्हंशी यामुळेच. मात्र ही द्रव्ये पाण्यात फारच कमी विरघळतात, तेलात आणि चरबीत सहज उतरतात. टाकीतला सक्रिय कार्बन असे सेंद्रिय पदार्थ बऱ्यापैकी शोषून घेतो. त्यामुळे चांगल्या प्रतीच्या नळीच्या एक-दोन मीटर तुकड्यामुळे प्रवाळ मेले, असा निष्कर्ष चटकन काढू नये.

अधिक लक्ष धातूंकडे द्यावे लागते. पीव्हीसी उष्णतेत टिकावे म्हणून त्यात शिसे, कथील किंवा कॅल्शियम-जस्त यांची संयुगे घालतात. कथिलाचे नाव निघाले की छंदी लोक दचकतात. त्याला कारणही आहे: जहाजांच्या तळाला लावायच्या रंगातल्या ट्रायब्युटिलटिनने समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढल्याचे आढळले आणि अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला. पीव्हीसीत वापरली जाणारी कथील संयुगे मुख्यतः मोनो आणि डायअल्किल प्रकारची, म्हणजे तुलनेने सौम्य असतात. तरीही पाण्याच्या चाचणीत कथील वाढलेले दिसले, तर नव्याने बसवलेली मऊ नळी हा पहिल्या संशयितांपैकी एक असतो. शिशाबाबत भारतात पीव्हीसी पाइप आणि फिटिंगसाठी २०२१ मध्ये नियम झाले. पण त्यांच्या आधारे हार्डवेअरच्या दुकानातल्या बिनछापाच्या, पुनर्वापरित प्लॅस्टिकच्या नळीची खात्री देता येत नाही.

‘फूड ग्रेड’ किंवा पिण्याच्या पाण्याचा छाप उपयोगी असला तरी तो माणसाचा विचार करून दिलेला असतो. तांब्याचे उदाहरण पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते. माशांच्या परजीवींवर औषध म्हणून सुमारे ०.२ मिलिग्रॅम वापरतात, आणि तेवढ्यानेच कोळंबी, शंख, प्रवाळ दगावतात. म्हणून पितळी तोट्या आणि जोडण्या या टाकीला वर्ज्य आहेत. बागेची नळी तर आणूच नये: तिच्या टोकाला पितळ असते आणि काही नळ्यांत बुरशीनाशक मिसळलेले असते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी स्वस्त पडते, पण तिच्यात काय घातले आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. शिवाय उजेड मिळाल्यावर पारदर्शक नळीत शेवाळ धरते; काळी नळी त्या बाबतीत बरी.

नवी नळी मिठाच्या पाण्यात काही दिवस भिजवून, पाणी बदलून मगच जोडावी. भिजवल्यावरही उग्र वास राहिला तर ती बाद समजावी. सॉल्व्हंट सिमेंट लावलेले सांधे पूर्ण वाळू द्यावेत आणि नंतर धुऊन घ्यावेत. साधी मऊ नळी कडक पाइपाच्या फिटिंगमध्ये चिकटवू नये. तिचा बाहेरचा व्यास त्या मापाचा नसतो. ती खाचेदार निपलवर चढवून क्लिपने आवळतात. स्टेनलेस म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लिपचा पट्टा टिकतो, पण स्क्रू गंजतो. प्लॅस्टिकची क्लिप इथे सरस ठरते.

पूर येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उलटा सायफन. वीज गेली की संपमधले पाणी वर नेणाऱ्या परतीच्या नळीतून मुख्य टाकीचे पाणी संपमध्ये उतरू लागते आणि नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद टाकीत पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ७.२ लिटर, तोंड १० सेंटिमीटर खोल बुडालेले असेल तर ७२ लिटर पाणी खाली येणार. संपमध्ये तेवढी जागा मोकळी हवी. एकमार्गी व्हॉल्व्हवर भरवसा ठेवणे चूक आहे, कारण त्यात चुन्याचा थर आणि गोगलगायी अडकतात. मऊ नळी परतीच्या बाजूला, पंपाजवळ, उपयुक्त असते: पंपाची थरथर काचेपर्यंत पोहोचत नाही आणि एल्बो कमी लागतात. मुख्य टाकीतून संपकडे उतरत्या बाजूला मात्र ती झोळीसारखी लोंबते, खोलगट भागात हवा अडते, प्रवाह तुटतो आणि वरची टाकी ओसंडते. तिथे कडक पाइप आणि दुसरी राखीव उतार-नळी असावी.

सिलिकोन मऊ राहते आणि त्यात प्लॅस्टिसायझर नसते, पण त्यातून वायू झिरपतो. म्हणून कॅल्शियम रिॲक्टरला कार्बन डायऑक्साइड पुरवायला ते चालत नाही, तिथे पॉलियुरेथेन वापरतात. टाकीत ओझोन वापरत असाल तर उलट: साधे रबर चिरते, सिलिकोन टिकते. कपाटातली विद्युत जोडणी नळ्यांच्या वर असावी, प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी आणि संपूर्ण टाकीला गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी लावावे.