मार्गदर्शनाची कसोटी

नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे उठली. शेजारच्या सिडको वसाहतीत आज राहणारे बहुतेकजण गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाहेरून आलेले. कर्ज काढून घर घ्यावे का, आखातातली नोकरी पत्करावी का, मुलीला आलेले स्थळ स्वीकारावे का, हे प्रश्न अशा नव्या वस्तीत घरोघर असतात. ख्रिस्ती घरांत असे निर्णय घेण्याआधी प्रार्थना होते, देवाची इच्छा काय ते दाखव म्हणून. उत्तर मिळाले हे ओळखायचे कसे, इथे मात्र गोंधळ होतो. मनाला एकाएकी शांती वाटली, बायबल सहज उघडले आणि समोर आलेले वचन प्रसंगाला जुळले, की देव बोलला असे धरून चालणारे अनेक आहेत. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातले मोठे निर्णय पाहिले तर ही समजूत टिकत नाही. त्या माणसांना मार्गदर्शन मिळाले ते वर्षानुवर्षे वाचून, वाद घालून, थांबून आणि किंमत मोजून.

कोकणात देवाला कौल लावण्याची रीत जुनी आहे. मूर्तीला कळे किंवा पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे आणि उजवीकडची पडते की डावीकडची, यावरून होकार-नकार समजायचा. त्यामागची श्रद्धा खरी आहे, आणि बायबललाही असा प्रकार परका नाही. गिदोनाने लोकर पसरून खूण मागितली. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. पण मत्थियाच्या निवडीनंतर पुढच्याच अध्यायात पेन्टेकॉस्टचा दिवस येतो, आणि तिथून पुढे नव्या करारात शिष्य निर्णयासाठी चिठ्ठ्या टाकताना दिसत नाहीत. परराष्ट्रीयांना मंडळीत कसे घ्यायचे हा सर्वांत अवघड प्रश्न यरुशलेमात बराच वादविवाद होऊन सुटला, आणि तो निर्णय पवित्र आत्म्याचा व आपला, असे त्यांनी पत्रात लिहून कळवले. मराठी नवा करार अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये छापला. त्यानंतर वचन स्वतः वाचून पारखण्याची कसोटी साध्या वाचकाच्या हाती आली. बाबा पदमनजी त्यांपैकी एक. बेळगावात जन्मलेला हा तरुण मिशनच्या शाळेत शिकला, मुंबईत जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस मंडळीत वावरला, आणि कितीतरी वर्षे वाचन व घालमेल झाल्यावर १८५४ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘अरुणोदय’ या आत्मवृत्तात त्याने ही घालमेलच सविस्तर मांडली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. पती बिपिनबिहारींच्या ग्रंथसंग्रहात, आसामातल्या सिलचरला, त्यांच्या हाती बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान पडले. १८८२ मध्ये पती गेले. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथल्या वाँटेजच्या मठात पोचल्यावर काही महिन्यांतच आत्महत्या केली. धर्मांतराच्या भीतीचे सावट त्या मृत्यूवर होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इतक्या दबावाच्या जागी घेतलेला निर्णय स्वतंत्र कसा, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पुढच्या पत्रव्यवहारात सापडते. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे चर्चच्या अधिकाऱ्यांनी सुचवले तेव्हा त्या अडून बसल्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नको, असेही विचारले. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी स्पष्ट कळवले की भारतीय पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही. दबावाला शरण गेलेली स्त्री अशी भांडत नाही. शिवाय १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो सुमारे आठ वर्षांनी. सिलचरपासून मोजले तर हा प्रवास जवळजवळ दशकभराचा होतो.

दुष्काळाच्या काळातला त्यांचा निर्णय मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायका घेऊन परतल्या. त्या वेळी अमेरिकन साहाय्यक मंडळाची दहा वर्षांची हमी संपत आली होती, विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनच्या जुन्या हिंदू हितचिंतकांनी १८९३ च्या धर्मांतराच्या वादात अंग काढून घेतले होते, आणि पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. ही हाक त्यांना प्रार्थनेत मिळाली असे त्या म्हणत, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण ती पोकळीतून आली नव्हती. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आई-वडील उपाशी मरताना त्यांनी पाहिले होते. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन फळझाडे लावली होती. स्वतःचे दुःख, समोरची गरज आणि हाताशी असलेले साधन, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होती. मग विहिरी खणल्या गेल्या, धान्य साठवले गेले, छापखाना आला. १९०० च्या सुमारास केडगावच्या या मुक्ती सदनात सुमारे १,५०० जणी राहत होत्या.

यावर कोणी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे बोट दाखवील. त्यांच्या चरित्रात स्वप्ने आहेत, दर्शने आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातला हा कवी १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका परक्या सहप्रवाशाकडून नवा करार घेतो आणि ख्रिस्ती होतो. याहून अद्भुत काय हवे? मात्र तारखा पाहा. मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. मधला काळ वाचण्यात, पत्रे लिहिण्यात आणि बायको-मुलाच्या काळजीने कचरण्यात गेला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही बावीस वर्षांच्या सेवेनंतर. दर्शन नाकारण्याची गरज नाही. ते काळाच्या आणि त्यागाच्या कसाला उतरले की नाही, हे पाहावे.

सर्वांत कठीण आक्षेप घरातूनच येतो. टिळकांना हाक आली आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई उघड्यावर पडल्या. काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने, लोकांचे बोलणे सोसत त्यांनी काढली. एकाच्या आज्ञापालनाची किंमत दुसऱ्याने भरायची, हा देवाचा मार्ग म्हणावा का? टिळकांनी पत्नीला अंधारात ठेवले, आणि ते चुकले असेच माझे मत आहे. निर्णय योग्य असला तरी तो घेण्याची रीत योग्य असतेच असे नाही. लक्ष्मीबाईंनी नंतर जे केले ते मात्र नवऱ्याच्या मागे डोळे मिटून जाणे नव्हते. संसार पुन्हा जुळल्यावरही त्यांनी आपले सोवळे-ओवळे पाळले. मग जातिभेद देवाने केलेला असू शकत नाही, असा स्वतः विचार करून शिवाशिव सोडली, आणि त्यानंतर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला लागला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ त्यांना लागला, आणि तो त्यांना मिळाला.

उलव्यातल्या घरकर्जाला पाच वर्षे थांबता येत नाही, हे खरे. पण वचन नीट संदर्भासह वाचणे, पाळकाशी आणि मंडळीतल्या जाणत्यांशी असहमतीची मुभा ठेवून बोलणे, किंमत कोण भरणार हे कागदावर मांडणे, याला पंधरवडा पुरतो. आणि घरातल्या दोघांपैकी एकालाच देवाचे बोलावणे ऐकू आले असेल, तर त्याने दुसऱ्यासाठी थांबावे, आणि थांबलेल्या दिवसांत दोघांनी मिळून लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचावे.