भिजवणे आणि मुरणे : घरगुती धूम्रद्रवाच्या इतिहासातील एका शब्दाचा विचार

मराठीत 'भिजवणे' आणि 'मुरणे' ही दोन क्रियापदे परस्परांजवळची असली, तरी एकार्थी नाहीत. डाळ आपण भिजवतो. लोणचे मात्र मुरते. पहिल्या क्रियेत एक घन पदार्थ, एक द्रव आणि भिजवणारा कर्ता अशी तिन्ही अंगे स्पष्ट असतात. दुसऱ्या क्रियेत कर्ता मागे सरतो आणि काळ हाच कर्ता होऊन बसतो. इंग्रजीतील 'स्टीप' हे क्रियापद मुळात 'भिजवणे' या वर्गातले होय. मद्यासाठी जव पाण्यात घालून ठेवण्याची जी पहिली पायरी, तिला हा शब्द लागू आहे. पुढे तो चहाच्या पानांनाही लागला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मात्र तो विजेवर चालणाऱ्या सिगारेटच्या द्रवाला लावला गेला आणि तेथे त्याचा अर्थ 'मुरवणे' असा झाला. या द्रवात भिजवण्याजोगे घन असे काहीच नसते. एक द्रव दुसऱ्या द्रवात मिसळलेला असतो आणि बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवून दिलेली असते, इतकेच. हा अर्थपालट कसा घडला आणि त्याने काय झाकले गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तंबाखूला गोड द्रवात मुरवण्याची चाल नवी नव्हे. आपल्याकडील 'गुडाखू' या शब्दातच गूळ आणि तमाखू एकत्र आलेले आहेत. हुक्क्यासाठी तंबाखू गुळाच्या पाकात कालवून, मसाले घालून ठेवून देत. हा शब्द पुढे ओडिशा व छत्तीसगड या भागांत दातांना लावावयाच्या तंबाखूच्या लगद्यासाठी रूढ झाला. धूर गेला, गूळ राहिला. अरबीतील 'मुअस्सल' या संज्ञेच्या मुळाशी 'असल' म्हणजे मध आहे. मोगल दरबारात तंबाखू पोचली ती दख्खनमधून. विजापूरहून परतलेल्या असद बेगने इ. स. १६०४-०५ च्या सुमारास ती अकबरापुढे ठेवली. हुक्क्याच्या शोधाचे श्रेय हकीम अबुल फत्ह गीलानीला देणारी एक परंपरा आहे. परंतु हा हकीम १५८९ मध्येच निवर्तला होता, तेव्हा या परंपरेवर फार भार टाकणे बरे नव्हे. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूला मनाई केली. तिचा परिणाम किती झाला, हे पुढच्या तीन शतकांतील गुडगुडीच्या आवाजावरूनच कळते.

(जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. 'मुरांबा' हा शब्द 'मुरणे' आणि 'आंबा' यांच्यापासून झाला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो अरबी 'मुरब्बा' आहे. मराठी जिभेने त्यात आपले क्रियापद आणि आपले फळ दोन्ही शोधून काढली.)

आता नव्या द्रवाकडे वळू. पेन्सिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ मध्ये तंबाखूविरहित, धूरविरहित सिगारेटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्याला अमेरिकेत एकस्व मिळाले. सुगंधित दमट हवा तापवून ओढावयाची, ही त्याची कल्पना. ती बाजारात आली नाही. 'व्हेपिंग' हा शब्दसुद्धा वस्तूच्या आधी जन्मला. १९८३ मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकातील लेखात, तेव्हा अस्तित्वात नसलेल्या उपकरणाच्या संदर्भात, तो आढळतो. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'व्हेप' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला तो थेट २०१४ मध्ये. दरम्यान चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक याने २००३ मध्ये आपल्या उपकरणाची नोंदणी केली आणि २००४ पासून ते 'रुयान', म्हणजे 'धुरासारखे', या नावाने विकले जाऊ लागले. युरोप-अमेरिकेत ते २००६-०७ च्या सुमारास पोचले.

त्यातील द्रवाचे घटक जुनेच आहेत. ग्लिसरीन शेले या स्वीडिश रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑलिव्ह तेलापासून वेगळे केले. त्याचे नाव 'गोड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल हे वुर्त्झ याने १८५९ मध्ये तयार केले. निकोटीन १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमन यांनी शुद्ध रूपात काढले. चौथा घटक म्हणजे स्वाद. आणि घरी मिश्रण करणाऱ्यांचा सारा इतिहास या चौथ्या घटकाभोवती फिरतो.

आरंभी द्रव उपकरणाबरोबरच येत असे. तो महाग होता, स्वाद मोजके होते. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील ग्राहकांनी मिठाई व बेकरीसाठी तयार होणारे स्वादार्क आणून स्वतःच मिश्रणे करण्यास प्रारंभ केला. प्रथम थेंब मोजत, मग सुईविरहित पिचकारीने मिलिलिटर मोजत, आणि पुढे शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर वजनाने. हा शेवटचा बदल महत्त्वाचा आहे. ग्लिसरीन मिलिलिटरला सुमारे १.२६ ग्रॅम, तर प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १.०४ ग्रॅम भरते. दाट ग्लिसरीन पिचकारीत चिकटून राहते. तराजूला त्याचे सोयरसुतक नसते. पाककृती टक्केवारीत लिहिल्या जाऊ लागल्या आणि त्यामुळे एकाची कृती दुसऱ्याला जशीच्या तशी करता येऊ लागली.

याच वर्तुळात 'स्टीपिंग' रूढ झाले. फळांचे स्वाद हलवून लगेच ओढता येतात. दूध, अंडे, व्हॅनिला यांच्या वळणाचे, विशेषतः कस्टर्डचे स्वाद तीन-चार आठवडे ठेवावे लागतात, असा संकेत ठरला. घाई असणारे बाटली कोमट पाण्यात ठेवत. कोणी दागिने स्वच्छ करण्याचे श्रवणातीत ध्वनियंत्र वापरीत. द्रव पिवळट, मग तपकिरी झाला की तो 'तयार' झाला असे समजत. हा रंग पुष्कळदा निकोटीनच्या ऑक्सिडीकरणाचा असतो. म्हणजे जी खूण पक्वतेची मानली गेली, ती अंशतः बिघाडाची होती. केवळ तंबाखूची पाने प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये घालून अर्क काढणाऱ्या थोड्या मंडळींत या शब्दाचा जुना अर्थ टिकला. तेथे खरोखरच पान भिजते.

'मुरते' म्हणजे काय होते, याचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. येल व ड्यूक येथील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की व्हॅनिलिनसारखी अल्डिहाइडे प्रॉपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून अ‍ॅसिटल नावाची नवी संयुगे बनवतात. ही संयुगे वाफेबरोबर पुढे जातात आणि श्वसनमार्गातील दाहसंवेदी ग्राहकांना उद्दीपित करतात. तेव्हा घरगुती मिश्रकांचा अनुभव अगदीच खोटा नव्हता. बाटलीत काही तरी घडत होते खरे. परंतु 'स्टीप' या चहाच्या, घरगुती, निरुपद्रवी शब्दाने ती रासायनिक अभिक्रिया आहे हे लपवले. शब्द स्वयंपाकघरातून आला आणि स्वयंपाकघराची निर्धास्तता बरोबर घेऊन आला.

हीच गत 'खाण्यास सुरक्षित' या लेबलाची झाली. लोण्याचा स्वाद देणारे डायअसिटिल खाण्यात चालते. मिसुरी राज्यातील पॉपकॉर्नच्या कारखान्यात मात्र त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांना फुफ्फुसातील सूक्ष्म नलिका बुजवणारा असाध्य रोग झाल्याचे २००० नंतर उघड झाले. २०१५ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासलेल्या ५१ स्वादांपैकी ३९ मध्ये डायअसिटिल आढळले. अमेरिकेतील स्वाद-उत्पादकांच्या संघटनेनेही आपला सुरक्षिततेचा निर्वाळा हुंगण्यास लागू नाही असे स्पष्ट केले आहे. जठर आणि फुफ्फुस यांतील भेद कोशात सोपा आहे; बाटलीवरच्या लेबलात तो हरवला. शिवाय घरी मिश्रण करणारे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम इतके तीव्र निकोटीन हाताळीत. ते त्वचेतूनही शोषले जाते आणि लहान मुलाच्या हाती लागल्यास जीवघेणे ठरू शकते. २०१९ च्या अमेरिकेतील फुफ्फुसविकाराच्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले. तिचा संबंध मुख्यतः गांजातील मादक द्रव्य असलेल्या द्रवांतील ई-जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटशी होता हे खरे. पण तेथेही खाण्याचा पदार्थ ओढण्यात आला होता.

भारतात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने या उपकरणांचे उत्पादन, विक्री, आयात, जाहिरात व साठवण यांस बंदी झाली. त्यामुळे या व्यवहाराची मराठी परिभाषा घडलीच नाही. जी आहे ती इंग्रजी शब्दांना मराठी प्रत्यय लावून झालेली. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने निकोटीनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरपुरती आणि तीव्रता २० मिलिग्रॅमपुरती मर्यादित केली. २०१६ पासून तिचा अंमल सुरू झाला. मर्यादा निकोटीनच्या द्रवाला होती, स्वादाच्या द्रवाला नव्हती. ब्रिटनमधील विक्रेत्यांनी ही फट लगेच हेरली. ६० मिलिलिटरच्या बाटलीत निकोटीनविरहित ५० मिलिलिटर द्रव भरावयाचा आणि वरची जागा रिकामी सोडावयाची. ग्राहकाने १८ मिलिग्रॅम तीव्रतेची १० मिलिलिटरची लहान बाटली त्यात ओतली की तीव्रता बरोबर ३ मिलिग्रॅम होते. तराजू गेला, टक्केवारीची वही गेली, कपाटातले आठवडे गेले. मिश्रण करणे म्हणजे ओतून हलवणे एवढेच उरले, आणि मुरण्याचे काम कारखान्याने आपल्याकडे घेतले.