ऐतिहासिक पत्रसंग्रह, पुण्यातील

इतिहासप्रसिद्ध व्यक्तींची व त्यांच्या कारभारासंबंधीची मूळ हस्तलिखित पत्रे मिळविणे, जतन करणे व वाचून प्रसिद्ध करणे, यांसाठी पुण्यात झालेला उद्योग. यूरोपात एकोणिसाव्या शतकात थोरांची हस्ताक्षरे जमविण्याचा छंद रूढ झाला आणि पत्राचे मोल बहुधा सहीवरून ठरू लागले. मराठी पत्रांना हे माप लागू पडत नाही. पेशवेकालीन पत्रे प्रायः मोडी लिपीत व कारकुनाच्या हातची असून त्यांवर आजच्या अर्थाने सही नसते. लिहिणाऱ्याचे नाव मायन्यात येते आणि राजपत्राची सत्यता शिक्का व मोर्तब यांवरून ताडली जाते. धन्याने स्वहस्ते लिहिलेली पत्रे तुलनेने थोडी आढळतात.

पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या काव्येतिहाससंग्रह या मासिकाने जुनी कागदपत्रे छापण्यास चालना दिली. वि. का. राजवाडे यांनी वाई येथे मिळालेल्या पत्रांवरून मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पानिपतच्या मोहिमेवर त्याने नवा प्रकाश पडला. जुन्या घराण्यांची दप्तरे वाळवी, ओल व अनास्था यांमुळे नष्ट होत होती. रद्दीच्या भावाने विकलेल्या कागदांबरोबर इतिहासही जात होता. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद मिळविले आणि १९१० मध्ये खं. चिं. मेहेंदळे यांच्या सहकार्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. व्यक्तीच्या हाती असलेल्या संग्रहास त्यामुळे संस्थेचा आश्रय लाभला. द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यास उभारलेला संग्रहही १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

पेशवे दप्तराची गोष्ट निराळी आहे. ते पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यात सु. ३५ हजार रुमाल असून त्यांपैकी सत्तावीस हजारांवर मराठी आहेत. हे दप्तर अभ्यासकांना दीर्घकाळ सहजासहजी खुले नव्हते. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले.

या संग्रहांचे मूल्य सुट्या पत्रांत नसून पत्रांच्या परस्परसंबंधांत आहे. अनेक पत्रांत मुसलमानी महिना व चंद्र दिलेला असतो. वर्ष मात्र नसते. ते त्याच रुमालातील मागचीपुढची पत्रे, उल्लेखिलेल्या व्यक्ती व घटना यांवरून ठरवावे लागते. वतनाच्या तंट्यांत बनावट कागदही पुढे केले जात. ते ओळखण्यास कागद, शाई, वळण व शिक्का यांबरोबर पत्र कोणत्या दप्तरातून आले हेही पाहावे लागते. प्रसिद्ध नावाचे एखादे पत्र दप्तरातून काढून विकले, तर संग्राहकास दुर्मिळ वस्तू लाभते. परंतु त्या पत्राची साक्ष दुबळी होते आणि मागे उरलेल्या पत्रांचाही एक दुवा तुटतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक मूल्य असलेली, किमान ७५ वर्षांची हस्तलिखिते व दस्तऐवज पुरावस्तू ठरतात आणि खाजगी व्यक्तींस ती परदेशी पाठविता येत नाहीत. कायद्याने कागद देशात राहतो; त्याचा संदर्भ मात्र दप्तर अखंड ठेवल्यानेच टिकतो.