कडी, खुंटी व पेटंट : घरगुती याद्यांचें मोल

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संग्राहकाचें लक्ष प्रथम सनदा, महजर, करीने व शकावल्या यांजकडे जातें, आणि तें योग्यच आहे. घरांतील चीजवस्तूंची यादी निघाली, तर ती बहुधा रुमालांत पुन्हा बांधून ठेवण्यांत येते. कड्या किती, कुलपें किती, पितळी सांखळ्या किती, या हिशेबांतून इतिहासास काय लाभणार, असें सहज वाटतें. आमच्या मतें या कागदांवर हा अन्याय होत आहे. टांगण्याच्या व अडकविण्याच्या बारीक वस्तूंवर शोधक म्हणून हक्क सांगण्याची पद्धति आपल्या देशांत केव्हां आली, आणि तिच्यामुळें या याद्यांस कोणतें नवें मोल आलें, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. विवेचनास एखादें स्थळ डोळ्यांपुढें असावें म्हणून भिवापूरचें उदाहरण घेतों.

भिवापूर हें नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, उमरेडच्या पलीकडे आहे. हा मुलूख पूर्वीं भोसल्यांच्या राज्यांतला. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्यें निपुत्रिक वारले, आणि १८५४ त डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं कंपनी सरकारनें १८५६ चा ६ वा कायदा केला. नवीन शोध लावणारानें सरकारांत अर्ज करावा, शोधाचें लेखी वर्णन दाखल करावें, म्हणजे ती वस्तु करण्याचा व विकण्याचा हक्क १४ वर्षेंपर्यंत एकट्या त्याचा राहील, असा त्याचा आशय होता. राणीची पूर्वसंमति घेतली नव्हती या कारणानें तो १८५७ त रद्द झाला, आणि १८५९ च्या १५ व्या कायद्यानें कांहीं फेरफारांसह पुन्हा अंमलांत आला. संस्थानी मुलखास हे कायदे लागू नव्हते. म्हणजे नागपूरचें राज्य टिकलें असतें, तर भिवापूर या व्यवस्थेच्या बाहेर राहिलें असतें. राज्य बुडाल्यामुळें तें आरंभापासूनच तिच्या कक्षेंत आलें.

या कायद्याखालीं पहिला अर्ज ३ मार्च १८५६ रोजीं झाला. अर्जदार कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग, आणि शोध पंखा ओढण्याच्या यंत्राचा. आढ्यास टांगलेली कापडी झालर, तिला बांधलेली दोरी, आणि ती दोरी ओढीत बसलेला माणूस, असा तो पंखा त्या काळीं साहेबांच्या बंगल्यांतून व कचेऱ्यांतून सर्वत्र असे. हिंदुस्थानांत ज्या वस्तूवर प्रथम असा हक्क मागितला गेला, ती अशा रीतीनें छतास टांगण्याच्या वस्तूचीच जोड होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अर्जदाराचें नांव सरकारी दप्तरांत राहिलें. टांगता पंखा व त्याची दोरी ज्यांनीं प्रथम जुळविली, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

परदेशीं बारीक वस्तूंवर हक्क घेण्याची रीत तत्पूर्वींच रुळली होती. अमेरिकेंत वॉल्टर हंट यानें १० एप्रिल १८४९ रोजीं सेफ्टी पिनेचें पेटंट घेतलें. पंधरा डॉलरांचें कर्ज फेडण्यासाठीं त्यानें तो हक्क चारशें डॉलरांस विकला, आणि पुढचा नफा दुसऱ्यांच्या पदरांत पडला. इंग्लंडांत ब्रामा यानें १७८४ त व चब यानें १८१८ त कुलुपांचीं पेटंटें घेतलीं. चबच्या कुलुपास कोणीं परकी किल्ली लावून पाहिली, तर तें अडून बसे व मालकास तें कळे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज या अमेरिकनानें हीं दोन्ही नांवाजलेलीं कुलुपें उघडून दाखविलीं, तेव्हां मोठा गवगवा झाला. बांधून झालेल्या भिंतींत स्क्रू घट्ट बसावा यासाठीं तागाच्या तंतूंची गुल्ली रॉलिंग्ज यानें १९११ त पेटंट केली. आपल्याकडील वाड्यांत हीच अडचण निराळ्या रीतीनें सोडविलेली दिसते. भिंत रचतांनाच तींत लांकडी खुंटी बसवीत, आणि तिच्याभोंवतीं बांधकाम चढवीत. एक उपाय कागदावर नोंदला गेला, दुसरा भिंतींतच राहिला.

महाराष्ट्रांत या क्षेत्रांतील ठळक नांव अर्देशीर गोदरेज यांचें होय. वकिली सोडून व शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा धंदा फसल्यावर त्यांनीं १८९७ त मुंबईस लालबाग येथें कुलपें करण्यास आरंभ केला. कुलुपांतील स्प्रिंग हा नाजूक भाग. ती तुटली कीं चांगलें कुलूप फुकट जातें. यावर उपाय म्हणून त्यांनीं स्प्रिंगेवांचून चालणारें कुलूप तयार केलें व त्याचें पेटंट घेतलें. १९११ च्या कायद्यानें पेटंटांसाठीं स्वतंत्र नियंत्रक नेमला गेला, आणि येथून पुढचा इतिहास नोंदणीच्या कागदांवरून बराचसा लावतां येतो. खेड्यांतल्या लोहाराचा व्यवहार मात्र या कागदांत शिरण्याचा संभव थोडा. त्याची कडी गिऱ्हाइकाच्या दारावर बसली कीं शेजारी तशीच दुसरी मागे, आणि सुधारणा हातोहात पसरे.

आतां मुख्य मुद्दा. पेटंट मिळावयास वस्तु नवी असावी लागते. ती पूर्वीं लोकांस ठाऊक होती असें सिद्ध झालें, तर हक्क उभा राहत नाहीं. जुने ग्रंथ येथें किती उपयोगी पडतात याचें उदाहरण हळदीचें आहे. जखम भरून येण्यासाठीं हळदीचा उपयोग, यावर अमेरिकेंत १९९५ त पेटंट दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतां वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली, संस्कृत, उर्दू व हिंदी भाषांतील आधार पुढें ठेविले, आणि १९९७ त तें पेटंट रद्द झालें. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यांत २००२ च्या दुरुस्तीनें हेंही कलम आलें कीं, एखाद्या स्थानिक समाजांत तोंडोंतोंडीं चालत आलेलें ज्ञान हेंदेखील हरकतीचें कारण होऊं शकतें.

वैद्यकास ग्रंथांचा आधार आहे, तसा लोहारकामास नाहीं. शब्द मात्र आहेत. शिंकें हा शब्द संस्कृत शिक्य यापासून आला, आणि भागवताच्या दशम स्कंधांत बाळकृष्णाच्या खोड्या सांगतांना शिंक्यावरील भांड्यांचा उल्लेख येतो. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ ची, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर एका वर्षाची. खुंटी, अडसर, कोयंडा हे शब्द तींत अर्थासह आहेत. तथापि शब्दावरून वस्तु होती एवढेंच कळतें. ती कशी अडके, कशी सुटे, कोणत्या धातूची असे, हें कळत नाहीं. तें कांहीं अंशीं घरगुती याद्यांवरून कळूं शकतें. वजन, धातु, नग, किंमत, मिति व गांव एवढें एका ओळींत असेल, तर ती ओळ साक्षीदाराचें काम करते.

यावर कोणी म्हणेल कीं, 'कडी' या एका शब्दाखालीं दहा घाट येतात, मग यादीवरून काय सिद्ध होणार? शंका रास्त आहे. यादीस वस्तूची जोड मिळाल्यावांचून पुरावा पुरा होत नाहीं. आणि जुनीं घरें पडत आहेत तीं नेमकी हीच जोड घेऊन. लांकूड विकलें जातें, लोखंड मोडींत जातें, आणि कागद घरमालकाकडे एकटे उरतात.

भिवापूरचें नांव आज भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहींत आहे, तें तेथील मिरचीमुळें. तो हक्क कोणा एका शोधकाचा नाहीं, त्या भागांतील उत्पादकांचा आहे, आणि मिरची व तें स्थळ यांचा जुना संबंध दाखविल्यावांचून असा हक्क मिळत नाहीं. पिकासाठीं जो पुरावा जमवितां आला, तो दाराच्या कडीसाठीं जमविण्यास आज कोणीच बांधलेला नाहीं. पेटंट-परीक्षकांस शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरांतच आहे, पण परीक्षक तपासणार तो कागद कोणीतरी आधीं राखलेला असला पाहिजे.

म्हणून उमरेड-भिवापूरकडील व इतरत्रच्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, घरगुती याद्या मोडी लिपींत असल्या तरी निराळ्या काढाव्या, त्यांचें लिप्यंतर मिति व स्थळ यांसह करून ठेवावें, आणि ज्या घराची यादी त्या घराच्या कड्या, कुलपें व खुंट्या अजून जागेवर असतील, तर त्यांचें माप, रेखाटन व स्थानिक नांव त्याच कागदासोबत जोडावें. हें काम घर उभें आहे तोंवरच होण्यासारखें आहे.