बहुकार्ब्युरेटर रचना

एकाच पेट्रोल इंजिनावर दोन किंवा अधिक कार्ब्युरेटर बसवून त्याला हवा व इंधन यांचे मिश्रण पुरविण्याच्या पद्धतीस बहुकार्ब्युरेटर रचना म्हणतात. जुन्या मोटारी सुधारून वेगवान करण्याच्या अमेरिकेतील 'हॉट रॉड' छंदामुळे ही रचना विशेष प्रसिद्धीस आली.

== स्मॉल-ब्लॉक इंजिन ==
शेव्हरोलेचे आटोपशीर आकाराचे आठ सिलिंडरांचे 'स्मॉल-ब्लॉक' इंजिन १९५५ च्या गाड्यांत प्रथम आले. १९५७ मध्ये त्याची २८३ घनइंची (सुमारे ४.६ लिटर) आवृत्ती निघाली. दोन चौमुखी कार्ब्युरेटरांसह ती २७० अश्वशक्ती देत असे. त्याच वर्षी इंधन अंतःक्षेपणाच्या साहाय्याने तिच्यातून २८३ अश्वशक्ती मिळविण्यात आली, म्हणजे या रचनेचा प्रतिस्पर्धी तिच्या ऐन भरात जन्मला.

जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ पासून शेव्हरोले गाड्यांची जुळणी केली, परंतु हे काम १९५४ मध्ये थांबले. त्यामुळे मुंबईत जुळलेल्या जुन्या शेव्हरोलेत स्मॉल-ब्लॉक दिसल्यास ते मागाहून बसविलेले समजावे.

== कार्य व मर्यादा ==
कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि पेट्रोल खेचले जाऊन त्याचे तुषार होतात. गळा रुंद केल्यास जास्त हवा मिळते, पण कमी फेऱ्यांवर तिचा वेग मंदावतो व तुषार नीट होत नाहीत. अनेक लहान गळे हा त्यावरील तोडगा होय. शिवाय मध्यभागी एकच कार्ब्युरेटर असल्यास टोकाच्या सिलिंडरांना मिश्रण कमी-अधिक पोहोचते. तो दोषही कमी होतो.

मात्र कार्ब्युरेटर वाढविले म्हणजे शक्ती वाढलीच, हा समज चुकीचा आहे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाएवढी हवा घेते. म्हणजे ४.६ लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवरही फार तर १३,८०० लिटरच्या आसपास हवा ओढते. त्याहून फार मोठी क्षमता बसविल्यास इंजिन सावकाश चालताना अडखळते. म्हणूनच तीन कार्ब्युरेटरांच्या रचनेत बहुधा मधला आधी उघडतो आणि उरलेले दोन पेडल अधिक दाबल्यावर उघडतात.

== संतुलन ==
खरे कौशल्य संतुलनात आहे. सर्व थ्रॉटल जोडदांड्यांपासून सोडवून प्रत्येकातून सारखी हवा जाते की नाही, हे हवामापकाने पाहतात. जुने मेकॅनिक रबरी नळी कानाला लावून आवाजावरूनच ओळखतात. मग दांड्या पुन्हा जोडतात. स्पार्क प्लग फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य, काजळलेला असल्यास पेट्रोल अधिक आणि पांढरा असल्यास कमी समजतात. यांतील शेवटची स्थिती सर्वांत घातक होय, कारण जोराने चालविताना पिस्टन वितळू शकतो. पंपाचा दाब जास्त झाल्यास फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही. ते तापलेल्या इंजिनावर सांडून आग लागण्याचा धोका असतो.

== भारतातील उदाहरण ==
भारतीय रस्त्यांवर ही रचना मोटारींपेक्षा दुचाकीमुळे अधिक परिचित झाली. १९८० च्या दशकातील राजदूत ३५० या दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलला प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्र कार्ब्युरेटर होता. तिचे दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे लावणे हे आजही तिच्या देखभालीतील नाजूक काम मानले जाते.