चाक आणि रेंज : कॉव्हेंट्रीतून दिसणारा कॅम्परव्हॅनच्या इंटरनेटचा इतिहास

कॅम्परव्हॅनमधून फिरताना मोबाइल इंटरनेट कसे मिळत गेले, याचा इतिहास इंग्लंडच्या मध्यभागातल्या कॉव्हेंट्री शहरापासून मांडणे सोयीचे ठरते. त्या इतिहासाचे तीन धागे इथे एकत्र येतात. सायकल आणि मोटार या दोन्ही उद्योगांचे हे जुने केंद्र. टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रे बनवणारा मोठा कारखाना इथेच होता. तंबू, कॅरॅव्हॅन आणि कॅम्परव्हॅन घेऊन हिंडणाऱ्यांची ब्रिटनमधली जुनी संघटना, कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब, हिचे मुख्यालयही आज शहराच्या वेस्टवुड भागात आहे. चाके आणि फोन एकाच गावात तयार होत असले, तरी चाकांवर मुक्काम करणाऱ्या माणसापर्यंत जोडणी पोहोचायला बरीच दशके गेली. यंत्राची मर्यादा हे त्याचे एक कारण. दुसरे आणि अधिक टिकून राहिलेले कारण हिशेबाचे होते : टॉवर लोकवस्ती पाहून उभारले गेले, आणि कॅम्परव्हॅनचा प्रवासी मुद्दाम वस्तीपासून लांब जातो.

सायकलपासून व्हॅनपर्यंत

कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि त्याच्या भागीदारांनी १८६० च्या दशकात शिलाई यंत्रांचा कारखाना काढला. दशक संपता संपता तो सायकलींकडे वळला. जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही सेफ्टी सायकल आणली. सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही तिची रचना आजही चालू आहे. १८९६ मध्ये डेमलर कंपनीने शहरातल्या एका जुन्या गिरणीत मोटारी बनवण्याची तयारी सुरू केली.

सायकल स्वस्त झाली, तसा शहरी नोकरदार रविवारी गावाबाहेर पडू लागला. लंडनमध्ये शिंपीकाम करणारा टॉमस हायरम होल्डिंग याने सायकलवर मावेल इतका हलका तंबू तयार केला. लहानपणी, १८५३ मध्ये, त्याने अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातून गाड्यांच्या तांड्याबरोबर प्रवास केलेला होता. १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला असलेल्या वाँटेज गावात मोजक्या सायकलस्वारांना घेऊन त्याने सायकल कॅम्परांची संघटना स्थापन केली. हाच पुढचा कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल १९१९ पासून त्याचे अध्यक्ष होते. घोडा जुंपलेल्या हौशी कॅरॅव्हॅनवाल्यांचा कॅरॅव्हॅन क्लब १९०७ मध्ये वेगळा निघाला. मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅनचे उत्पादन पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाले, आणि त्यात शेजारच्या बर्मिंगहॅममधली एकल्स कंपनी आघाडीवर होती.

मागे ओढायची कॅरॅव्हॅन आणि स्वतः चालणारी कॅम्परव्हॅन यांत फरक आहे. दुसरीला मालवाहू व्हॅनचा सांगाडा लागतो, आणि तशा व्हॅन दुसऱ्या महायुद्धानंतर मुबलक झाल्या. स्टँडर्ड मोटर कंपनीची ‘ॲटलस’ व्हॅन १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉव्हेंट्रीतल्या कॅनली भागात बनू लागली. तिच्यात पलंग, शेगडी आणि बेसिन बसवून कॅम्परव्हॅन केल्या जात. याच कंपनीची भारतीय संलग्न कंपनी मद्रासला होती. तिच्या स्टँडर्ड हेरल्ड मोटारी महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर अनेक वर्षे दिसत, आणि ॲटलसच्या वंशातली ‘स्टँडर्ड २०’ व्हॅनही तिथेच बने. कॉव्हेंट्रीत मोठे कारखाने असलेल्या रूट्स समूहाच्या कॉमर व्हॅनवरही १९६० पासून पुष्कळ कॅम्पर उभारले गेले. १९८० च्या दशकात ब्रिटिश मोटारघरांचा आवडता सांगाडा होता टॅलबट एक्स्प्रेस. ही व्हॅन इटलीत बने, पण ब्रिटनमध्ये ती विकणाऱ्या प्यूजो-टॅलबट कंपनीचा कारभार कॉव्हेंट्रीतून चाले.

तारेच्या टोकाशी

१९२१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने, म्हणजे जीईसीने, आपला पील-कॉनर टेलिफोन कारखाना सॅल्फर्डहून कॉव्हेंट्रीच्या स्टोक भागात आणला. पुढची अनेक दशके इथून टेलिफोन संच आणि एक्स्चेंजची यंत्रसामग्री देशभर गेली. हजारो लोक, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, तिथे कामाला होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या भीषण जर्मन बॉम्बहल्ल्यानंतरही शहरातले कारखाने पुन्हा उभे राहिले.

पण ही सारी यंत्रणा तारेची होती, आणि तार एका ठरावीक पत्त्यावर जाते. फिरतीवरच्या माणसाला पत्ता नसे. पत्रे पुढच्या गावच्या पोस्टात ठेवून घेण्याची सोय होती. तिथे जाऊन ती मागून घ्यावी लागत. फोन करायचा तर गावातल्या लाल टेलिफोन बूथपर्यंत चालत जावे लागे, आणि लांबचा कॉल ऑपरेटरकडून जोडून घ्यावा लागे. ऑपरेटरशिवाय थेट दूरचा नंबर फिरवण्याची एसटीडी सोय ब्रिटनमध्ये डिसेंबर १९५८ मध्ये ब्रिस्टलहून सुरू झाली. उलट दिशेने, म्हणजे घरून प्रवाशाला निरोप देणे तर जवळजवळ अशक्यच. अगदी निकड असली तर बीबीसी रेडिओवर तातडीचा निरोप वाचला जाई : अमुक भागात कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्या अमुक गृहस्थांनी अमुक रुग्णालयाशी संपर्क साधावा. १९२० च्या दशकात सुरू झालेली ही सेवा अनेक दशके चालली.

१९६० च्या कॅरॅव्हॅन स्थळ कायद्याने या प्रवाशांच्या मुक्कामाचा नकाशा ठरवून दिला. कॅरॅव्हॅन तळासाठी परवाना सक्तीचा झाला. मात्र मान्यताप्राप्त क्लबांना एका वेळी पाच गाड्यांपर्यंतच्या छोट्या तळांना स्वतः प्रमाणपत्र देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे शेतकऱ्यांनी घराशेजारचे एखादे रान, पाण्याचा नळ आणि शौचटाकी रिकामी करायची जागा एवढ्या भांडवलावर तळ उघडले. शांत, स्वस्त आणि वस्तीपासून दूर असे हे तळ सभासदांना फार आवडले. पुढे मोबाइल आला, तेव्हा रेंज सर्वांत कमी मिळाली ती अशाच ठिकाणी.

रेडिओफोन ते डोंगल

गाडीतला फोन मोबाइलच्याही आधीचा. टपाल खात्याने १९५९ मध्ये दक्षिण लँकेशायरमध्ये आणि १९६५ मध्ये लंडनमध्ये मोटारींसाठी रेडिओफोन सेवा सुरू केली. ग्राहक थोडे, यंत्र जड, आणि कॉल ऑपरेटरमार्फत. खरा बदल जानेवारी १९८५ मध्ये झाला, जेव्हा व्होडाफोन आणि सेलनेट या दोन ॲनालॉग जाळ्यांचा प्रारंभ झाला. परवान्याची अट होती ९० टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचण्याची. आधी लंडन, मग मोठी शहरे आणि त्यांना जोडणारे मोटरवे, असा विस्तार झाला. ब्रिटनची बहुतेक वस्ती थोड्या जमिनीवर दाटलेली असल्याने ही अट पुरी करूनही वेल्सच्या दऱ्या, लेक डिस्ट्रिक्ट आणि स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश बराचसा मोकळाच राहू शकत होता. कॉव्हेंट्रीहून निघणाऱ्या कॅम्परव्हॅनची आवडती ठिकाणे नेमकी हीच.

मोबाइलचा कॉल टॉवरपर्यंतच हवेतून जातो. पुढे त्याला एक्स्चेंज आणि तारांचे जाळे लागते. या जाळ्याच्या डिजिटल रूपांतरात कॉव्हेंट्रीचा मोठा वाटा होता. जीईसी, प्लेसी आणि टपाल खाते यांच्या सहभागातून तयार झालेले ‘सिस्टीम एक्स’ एक्स्चेंज १९८० मध्ये लंडनमध्ये प्रथम चालू झाले. १९८८ मध्ये जीईसी आणि प्लेसीचे टेलिफोन व्यवसाय एकत्र येऊन जीपीटी कंपनी झाली. तिचे केंद्र कॉव्हेंट्रीच होते.

१९९० च्या दशकात जीएसएम ही डिजिटल मोबाइल पद्धत आली आणि मोबाइलवरून डेटा पाठवणे शक्य झाले. लॅपटॉप केबलने फोनला जोडायचा आणि सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाने ईमेल उतरवायचे. पैसे मिनिटावर लागत, त्यामुळे प्रवासी पत्र आधी लिहून ठेवत आणि मग जोडणी करत. जून २००० मध्ये बीटी सेलनेटने जीपीआरएस सुरू केले. त्यानंतर आकार वेळेऐवजी डेटावर पडू लागला आणि जोडणी सतत चालू ठेवता येऊ लागली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने ३जीचे पाच परवाने लिलावात काढले. २२.४७ अब्ज पौंड जमा झाले. एवढे पैसे परवान्यात गेल्यावर टॉवर उभारताना कंपन्यांनी आधी गिऱ्हाईक दाट असेल तीच ठिकाणे निवडली. या परवान्याची अटही लोकसंख्येचीच होती : २००७ अखेर ८० टक्के. लिलावानंतर दूरसंचार कंपन्यांनी यंत्रखरेदीला आखडता हात घेतला. जीईसीचे नाव तोवर मार्कोनी झाले होते. २००१ मध्ये ती कंपनी कोसळली आणि तिचा बहुतांश दूरसंचार व्यवसाय २००५-०६ मध्ये एरिक्सनने घेतला. मोबाइल इंटरनेटचा काळ सुरू होत असतानाच कॉव्हेंट्रीतला जुना टेलिफोन उद्योग ओसरला.

३जीचा प्रवाशांना खरा उपयोग झाला तो २००७-०८ नंतर, लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसणाऱ्या डोंगलमुळे. आगाऊ रिचार्ज करून वापरायचे डोंगल मिळू लागले, आणि वर्षातून थोडेच दिवस बाहेर पडणाऱ्यांना मासिक करार घ्यावा लागेना.

पत्र्याच्या खोलीत अँटेना

कॅम्परव्हॅनची स्वतःची एक अडचण आहे. तिचे अंग पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असते आणि पत्रा रेडिओ लहरी अडवतो. बाहेर दोन काड्या दाखवणारा फोन आत आल्यावर मुका होतो. म्हणून लोक सुरुवातीला लांब केबल लावून डोंगल खिडकीच्या काचेवर चिकटवत. नंतर छपरावर बसणारी अँटेना, गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा सिमचा राउटर आणि त्यातून गाडीत पसरणारे वाय-फाय, ही जोडणी रूढ झाली. सर्व दिशांनी लहरी घेणारी अँटेना रोज जागा बदलणाऱ्याला बरी. एकाच ठिकाणी आठवडाभर राहणाऱ्याला टॉवरच्या दिशेने वळवायची अँटेना दुबळ्या सिग्नलमध्ये जास्त कामी येते.

सिग्नल वाढवणारे रिपीटर बाजारात मिळत, पण ब्रिटनमध्ये ते वापरणे बेकायदा होते, कारण निकृष्ट यंत्र आसपासच्या टॉवरच्या कामात व्यत्यय आणते. दूरसंचार नियामक ऑफकॉमने २०१८ मध्ये ठरावीक निकषांत बसणारे, वाहनांसाठीचे कमी शक्तीचे रिपीटर परवान्याविना वापरायला मोकळीक दिली.

दुसरा मार्ग तळावरच्या वाय-फायचा. मोठ्या तळांवर ते आले, पण बऱ्याच ठिकाणी गावाकडून येणारी एकच ब्रॉडबँड लाइन सगळ्या गाड्यांत वाटली जाई. संध्याकाळी सगळे एकदम जोडले गेले की वेग बसे. पाच गाड्यांच्या शेतातल्या तळावर तेवढीही सोय क्वचितच असे.

लोकसंख्येकडून जमिनीकडे

४जी ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये ईई कंपनीने आणले. २०१३ च्या लिलावात ॲनालॉग टीव्ही बंद झाल्याने मोकळ्या झालेल्या ८०० मेगाहर्ट्झच्या लहरी कंपन्यांना मिळाल्या. या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात, म्हणून खेडोपाडी त्यांचा उपयोग मोठा. ओटू कंपनीच्या परवान्यात २०१७ अखेर ९८ टक्के लोकसंख्येला घरात ४जी देण्याची अट होती. मोजमाप अजून माणसांचेच होते.

जमीन मोजायला सुरुवात झाली डिसेंबर २०१४ मध्ये. ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री या चारही मोबाइल कंपन्यांनी २०१७ अखेर देशाच्या ९० टक्के भूभागावर किमान बोलण्यापुरता सिग्नल देण्याचे सरकारला मान्य केले. मार्च २०२० मध्ये ‘शेअर्ड रूरल नेटवर्क’चा करार झाला : कंपन्या आणि सरकार मिळून सुमारे एक अब्ज पौंड, आणि २०२५ अखेर ९५ टक्के भूभागावर किमान एका कंपनीचे ४जी. यातही ‘किमान एका’ या अटीमुळे अनुभवी प्रवासी वेगवेगळ्या जाळ्यांची दोन सिम बाळगतात. काही कंपन्या दुसऱ्याच्या टॉवरवर सेवा विकतात, त्यामुळे सिम घेताना त्यामागचे मूळ जाळे कोणते हे पाहावे लागते. २०२५ मध्ये व्होडाफोन आणि थ्रीचे विलीनीकरण झाल्यावर मूळ जाळी तीन उरली आहेत.

कॉव्हेंट्री स्वतः या काळात नव्या तंत्राच्या पुढच्या रांगेत होती. २०१८ मध्ये वेस्ट मिडलंड्स प्रदेशाची ५जीच्या प्रादेशिक चाचणीसाठी निवड झाली आणि बर्मिंगहॅम व वुल्व्हरहॅम्प्टनबरोबर कॉव्हेंट्री तिचे एक केंद्र ठरली. कॅम्परव्हॅनला मात्र ५जीपेक्षा २०२४-२५ मध्ये ३जी सेवा बंद होण्याने आधी गाठले : जुने डोंगल आणि केवळ ३जीवर चालणारे राउटर निरुपयोगी झाले.

सीमेपलीकडचा हिशेब निराळा. जून २०१७ मध्ये युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार रद्द झाला आणि ब्रिटिश सिम फ्रान्स-स्पेनमध्ये घरच्यासारखे चालू लागले. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर २०२२ मध्ये ईई, व्होडाफोन आणि थ्री यांनी नव्या आणि करार बदलणाऱ्या ग्राहकांना आकार पुन्हा लावला. त्यामुळे तिथे पोहोचल्यावर स्थानिक सिम किंवा ई-सिम घेणे पुन्हा फायद्याचे ठरले.

२०२२ मध्येच स्टारलिंकने फिरत्या वाहनांसाठी उपग्रह-इंटरनेटची योजना आणली. तिला टॉवर लागत नाही. उघडे आकाश आणि भरपूर वीज लागते, त्यामुळे दाट झाडीत ती अडखळते आणि छोटी बॅटरी लवकर संपवते. म्हणून आजची रूढ व्यवस्था मिश्र आहे : गावाजवळ फोनचा हॉटस्पॉट, तळावर छपरावरची अँटेना आणि राउटर, आणि टॉवर न पोहोचणाऱ्या दरीत उपग्रह. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आहे. सह्याद्रीतल्या मुक्कामांनाही हाच प्रश्न लागू पडतो, कारण डोंगर इथेही लहरी अडवतात आणि टॉवर इथेही गिऱ्हाईक पाहूनच उभे राहतात.